आयटीकेपिक्स क्वाड मॉड्यूल: चिप दमदार, बंप नाजूक

सर्नच्या एलएचसी या कण-आदळकाच्या वाढीव तीव्रतेच्या टप्प्यासाठी (एचएल-एलएचसी) अ‍ॅटलास प्रयोगाच्या नव्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे कणांचे मार्ग टिपणाऱ्या यंत्रणेत, बसणारं हे मॉड्यूल. सुमारे 4 × 4 सेंमीचा एकच प्लेनर सेन्सर, त्याचे सिग्नल वाचणाऱ्या, त्याला जोडलेल्या चार आयटीकेपिक्स चिप्स आणि वर चिकटवलेला फ्लेक्स (लवचिक सर्किट बोर्ड). एका चिपवर 400 × 384 पिक्सेल, प्रत्येक 50 × 50 मायक्रॉनचा. म्हणजे एका मॉड्यूलमध्ये 6,14,400 बंप (सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल चिपला जोडणारे धातूचे सूक्ष्म गोळे), आणि सगळी गोम तिथेच आहे.

चिपला मात्र मनापासून दाद द्यावी लागेल. अशा चिप्स विकसित करणाऱ्या आरडी53 गटाची ही 65 नॅनोमीटर तंत्रज्ञानाची चिप 1,000 इलेक्ट्रॉनच्या आसपासचा थ्रेशोल्ड (हिट नोंदवायला लागणारा किमान चार्ज) नीट धरते. 150 मायक्रॉन जाडीचा नवा सेन्सर एका कणामागे सुमारे 11,000 इलेक्ट्रॉन देतो. किरणोत्साराचा मारा खाल्ल्यावर चार्ज वाटेतच अडकतो आणि सिग्नल बराच खाली येतो. तेव्हा हाच कमी थ्रेशोल्ड कामी येतो. ट्यूनिंग मात्र प्रत्यक्ष वापराच्या तापमानालाच करा. खोलीच्या तापमानाला केलेलं थंडीत सरकतं.

आता बंप. फ्लेक्समधलं तांबं सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त आकुंचन-प्रसरण पावतं. थर्मल सायकलिंगमध्ये (वारंवार थंड-गरम करण्याच्या चाचणीत) हा ताण बंपवर येतो आणि जोड बहुधा कोपऱ्यांपासून सुटू लागतात. फसगत अशी, की अ‍ॅनालॉग स्कॅनमध्ये तो पिक्सेल ठणठणीत दिसतो, कारण चाचणीचा चार्ज चिपच्या आतच सोडला जातो. सुटलेला बंप ओळखायच्या खुणा दोन: सेन्सरची कपॅसिटन्स गेल्यामुळे नॉइज शेजाऱ्यांपेक्षा कमी येतो, आणि स्ट्रॉन्शियम-90 या किरणोत्सारी स्रोताखाली हिटमॅपचा (कण कुठे नोंदले गेले त्या नकाशाचा) तो कोपरा कोरा राहतो. म्हणून हा स्रोताखालचा सोर्स स्कॅन सायकलिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. फक्त आधीचा चांगला आला म्हणून मॉड्यूल पास करणं आम्हाला मुळीच मान्य नाही.

सीरियल पॉवरिंगमुळे (मॉड्यूल एकापुढे एक जोडून एकाच करंटवर चालवल्यामुळे) केबलचं वस्तुमान खूप वाचतं, ही मोठी जमेची बाजू. पण शंट-एलडीओ, म्हणजे चिपमधला व्होल्टेज रेग्युलेटर, न वापरलेला करंट उष्णतेत जाळतो, चिप रिकामी असली तरी. मॉड्यूल थंड पृष्ठभागावर नीट टेकल्याशिवाय पॉवर देऊ नका.

सेन्सरची कड बायस व्होल्टेजवर (सेन्सर चालवायला लावलेल्या उच्च व्होल्टेजवर) असते, चिप जवळपास ग्राउंडवर, आणि मधे जेमतेम बंपच्या उंचीएवढी फट. किरणोत्सारानंतर बायस शेकडो व्होल्टवर न्यावा लागतो, तेव्हा तिथे ठिणगी पडू शकते. पॅरिलीन या विद्युतरोधक प्लास्टिकचा थर ती रोखण्यासाठीच असतो. तो कडेपर्यंत सलग आहे का, हे मायक्रोस्कोपखाली चारही बाजूंनी बघा. ओरखडा दिसला तर हाय व्होल्टेज लावू नका.