सेमिनरीत मार्गदर्शक सोबती व्हायचंय: एकेकाला भेटावं की गटाला?

पुण्यातल्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक घडवणाऱ्या संस्थेत, धर्मशास्त्र शिकणारा एक जण याच पेचात आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साथ द्यायचीय, पण कशी?

वेळेच्या दृष्टीने गट सोपा. आठवड्यातली एक संध्याकाळ पुरते. एकेकाला भेटायचं तर असाइनमेंट आणि रविवारची मंडळीतली (चर्चमधली) सेवा सांभाळून वेळ काढावा लागतो.

अभ्यासातही गटच सरस. बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक; तिच्या क्रियापदाची 'लुओ, लुएइस, लुएइ' ही रूपं चार जणांनी मोठ्याने म्हटली की लवकर बसतात. शिवाय बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी (1983 साली यवतमाळहून इथे आलेली) घ्या किंवा रामवाडीची पेपल सेमिनरी, विद्यार्थी देशभरातून येतात. इंग्रजी बोलायची भीड गटात लवकर मोडते.

मनातलं बोलायचं म्हटलं की मात्र गट तोकडा पडतो, आणि माझ्या मते खरी गरज इथेच असते. 'मला खरंच पाचारण (देवाने सेवेसाठी दिलेली हाक) आहे का?', 'प्रार्थनाच करवत नाही', 'घरून पैसे येत नाहीत' हे चारचौघांत कोण बोलेल? दोघंच मैदानाला फेऱ्या मारताना, तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते बाहेर येतं. ऐकलेलं मेसच्या टेबलावर जाता कामा नये. पण जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार कानावर आले, तर गुपित राखू नका. त्याला एकटं न सोडता लगेच समुपदेशकाकडे न्या.

भाषा किंवा अभ्यासात अडलेल्यांसाठी, शहरात नवख्यांसाठी गट घ्या. अबोल, घरच्या चिंतेत असलेल्या किंवा श्रद्धेच्या प्रश्नांनी पोखरलेल्याला एकट्यालाच भेटा.