धुण्याची जाळीदार पिशवी : तीन महिन्यांचा अनुभव

पॉलिस्टरचे कपडे धुताना सुटणारे प्लॅस्टिकचे तंतू अडवणारी बारीक जाळीची पिशवी मी सांगलीतील एका दुकानातून घेतली. कारण कृष्णेच्या पाण्याशी संबंधित आहे. ५ मिलिमीटरहून लहान असे तंतू सांडपाण्यातून नदीत आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकतात. समुद्रातील कोपेपॉड नावाचे तांदळाच्या दाण्याहूनही लहान जीव शैवालाबरोबर सूक्ष्म प्लॅस्टिक गिळतात, त्यामुळे त्यांचे खरे खाणे घटते, अंडी लहान होतात आणि त्यांतून पिल्ले कमी निघतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. लहान मासे याच जीवांवर जगतात.

पिशवी काम करते. फ्लीसचे जॅकेट धुतल्यावर शिवणीत राखाडी लव साचते. ती कोरडी करून कचऱ्यात टाकावी लागते, कारण नळाखाली धुतली तर सारा खटाटोप मोरीतच जातो (आमच्या घरी दोनदा गेला). पिशवी अर्धीच भरावी, नाहीतर कपडे स्वच्छ निघत नाहीत. चेन मात्र दुसऱ्याच महिन्यात अडकू लागली आणि दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. सर्व तंतू ती अडवत नाही, तरीही मी दुसरी घेणार आहे, फक्त दुकान वेगळे असेल.