ईक्यू-आय २.० : आठ महिन्यांनी काय हाती लागलं

टीममधली एक हुशार सहकारी नोकरी सोडताना म्हणाली, "तुम्ही बोलू देता, पण ऐकत नाही." ते इतकं लागलं की ईक्यू-आय २.० या भावनिक बुद्धिमत्तेच्या, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्यांच्या भावना ओळखून वागण्याच्या, चाचणीसाठी मी स्वतःहून नाव दिलं.

चाचणीत १३३ विधानं आहेत, प्रत्येकाला 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा पाचांपैकी एक उत्तर. अहवालात १५ क्षमतांचे वेगवेगळे गुण मिळतात आणि सरासरी १०० धरलेली असते. समानुभूतीत, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेण्यात, मला ११४ मिळाले. मग ती सहकारी का गेली?

उत्तरं माझीच होती ना! स्वतःला समजूतदार मानणारा माणूस तशीच उत्तरं देणार. म्हणून याच चाचणीचा ३६० प्रकार घेतला. सात सहकाऱ्यांनी माझ्याबद्दल उत्तरं दिली आणि समानुभूती ८६ वर आली. अहवालातलं माझ्या कामाचं पान हे एवढंच. बाकीचे तक्ते एकदा चाळले, पुन्हा उघडले नाहीत.

खरं काम प्रशिक्षकासोबत सुरू झालं. प्रत्येक मीटिंगनंतर मला काय वाटलं ते एका शब्दात लिहायचं, इतकंच. पहिला महिनाभर वहीत दोनच शब्द होते, 'ठीक' आणि 'वैताग'. हळूहळू कळलं की काम लांबल्याची बातमी आली की मला जो वैताग येतो, ती मुळात वरिष्ठांसमोर तोंडघशी पडण्याची भीती असते. त्या भीतीपोटीच मी समोरच्याचं वाक्य तोडून उपाय सांगत सुटायचो. 'मला भीती वाटतेय' असं मनात म्हटलं की घाई थोडी ओसरते.

दुसरी सवय म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून विचारायचं, "काही राहिलं का?" एक जण वेळापत्रकावर तक्रार करत होता. या प्रश्नानंतर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, नवीन काम मला येतच नाही, शिकवणारं कुणी नाही. वेळापत्रक बदलून त्याचा प्रश्न कधीच सुटला नसता.

एक कळकळीची विनंती. हे गुण बढतीसाठी वापरू नका, चारचौघांत दाखवू नका. माझ्या आधीच्या नोकरीत असेच गुण पडद्यावर लावले होते. पुढच्या वेळी सगळ्यांनी गोडगोड उत्तरं भरली आणि चाचणीचा उपयोगच संपला.

गेल्या महिन्यात ३६० पुन्हा घेतली. समानुभूती ९५ झाली, आवेगावरचा ताबा जिथे होता तिथेच आहे. परवाही मी एकीचं बोलणं मध्येच तोडलं. फरक एवढाच की दहा मिनिटांनी तिच्या टेबलापाशी गेलो आणि राहिलेलं सगळं ऐकलं.