भाड्याच्या उत्पन्नासाठी काय घ्यावं: ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी चाळ की नवी मुंबईच्या घणसोलीतलं सिडकोचं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं) घर?
नौपाड्यातली जुनी इमारत मोहात पाडते: लाकडी जिना, ऐसपैस गॅलरी, स्टेशन पायी. पण आत पागडीचे भाडेकरू, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यात पिढ्यानपिढ्या राहणारे, असतील, तर मालकी नावालाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडं वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढवता येतं. छप्पर गळलं की डागडुजी मात्र मालकाच्या गळ्यात. मग सगळी भिस्त पुनर्विकासावर, आणि भाडेकरूंची मनं वळवताना केस पांढरे होतात. दरमहा भाडं हवं असेल तर मी घणसोलीच घेईन. सिडकोच्या छोट्या घराला रूप नाही, पण लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) नोंदवला की मुदतीनंतर घर परत मागता येतं. फक्त जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने, म्हणजे मालकी न देता लांब मुदतीसाठी, दिलेली आहे का ते बघा. घर दुसऱ्याच्या नावावर करताना सिडकोला द्याव्या लागणाऱ्या हस्तांतरण शुल्काचा खड्डा तिथेच असतो.