६ मिमीचा स्मोकर, दीड मिमीचा पत्रा

घरामागच्या मोकळ्या जागेत मांस धुरावायची हौस आहे आणि बजेट बेताचं आहे, असा माणूस शोधाशोध करायला लागला की त्याच्या डोळ्यांत आधी भरतो तो ऑफसेट स्मोकर. आडवं पिंप, एका बाजूला चिकटलेली छोटी भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं. रुबाबदार दिसतो, यात वाद नाही. पण लुबाडणुकीला याच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. ऑफसेटमध्ये आपण पैसे मोजतो ते लोखंडाच्या जाडीचे, आणि जाडी फोटोत दिसत नाही. माझ्या बाबतीत तर ती समोर उभं राहूनही कळू नये अशी व्यवस्था केलेली होती. ती कशी, ते सविस्तर सांगतो, कारण हीच युक्ती दुसरीकडेही चालत असणार.

विक्रेता स्वतः वेल्डिंग करणारा. जाहिरातीत ‘६ मिमी प्लेट, हीटप्रूफ पेंट, स्टेनलेस जाळी, हेवी ड्यूटी’. किंमत बाजारातल्या जाड ऑफसेटच्या निम्म्याच्याही खाली. का, तर म्हणे मधला दलाल नाही. बघायला गेलो तेव्हा त्याने न विचारताच झाकण उघडलं, तोंडाच्या कडेवर स्टीलची मोजपट्टी टेकवली आणि म्हणाला, “तुम्हीच वाचा साहेब.” सहा. झाकणाची कड, सहा. भट्टीच्या दाराची कड, तीही सहा. झाकण आपटल्यावर आवाजही भरीव आला. पूर्ण पैसे आधी, कारण ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’.

उतरवून घेताना पहिली शंका आली. दोघांनी धरलं आणि सहज उचललं गेलं. सहा मिलिमीटरचा स्मोकर असा उचलला जात नाही. हिशेब अगदी सोपा आहे आणि खरेदीआधी कुणालाही करता येतो : एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर त्याचं वजन साधारण ७.८५ किलो भरतं. माझ्या पिंपाचा व्यास ५० सेंटिमीटर, लांबी १ मीटर. दोन्ही बाजूंच्या चकत्या धरून जवळजवळ २ चौरस मीटर पत्रा. सहा मिमीने गुणलं तर नुसतं पिंप ९४ किलो व्हायला हवं. वर भट्टी, पाय, जाळ्या. म्हणजे सगळं मिळून दीडशेच्या खाली यायलाच नको. काट्यावर घातलं तर ५५ किलोच्या आसपास.

मग जाडी गेली कुठे? झाकणावर तापमानाची डायल बसवलेली होती. तिची चकती सोडवून डायल काढली, तर खाली ड्रिलने पाडलेलं भोक. अख्ख्या स्मोकरमध्ये पत्र्याची खरी कड उघडी असलेली तेवढी एकच जागा. बारीक जाडी मोजायचा व्हर्निअर लावला : दीड मिलिमीटर. त्यानंतर तोंडाच्या कडेवरून आतल्या बाजूने बोट फिरवलं. दोन बोटं आत गेल्यावर एक पायरी लागली. सहा मिमीची पट्टी वाकवून तोंडाभोवती, झाकणाभोवती आणि दाराभोवती चौकटीसारखी जोडली होती, वेल्डिंगचा उंचवटा ग्राइंडरने घासून सपाट केला होता आणि वर काळ्या रंगाचे जाड हात मारले होते. मोजपट्टी जिथे जिथे टेकवली जाईल, तिथे तिथेच सहा मिमी. भरीव आवाजही त्या पट्टीचाच. झाकणाच्या मधोमध टिचकी मारली असती तर पत्रा खणकन वाजला असता, पण मधोमध हात लावू देण्याआधीच विक्रेता पुढच्या गोष्टीकडे वळला होता. कारागिरी म्हणून काम सफाईदार होतं, हे मान्य करायला हवं. एवढी मेहनत घेणाऱ्याने जाड प्लेटच का वापरली नाही, असा प्रश्न पडतो; उत्तर वजनाच्या फरकात आहे. शंभर किलो लोखंड वाचलं.

कुणी म्हणेल, दीड मिमी तर दीड मिमी, धूर तर निघतो ना? निघतो, पण कसला, ते बघा. अशा मांसाला ताव लागतो साधारण १०७ ते १३५ अंश सेल्सिअसचा, तोही तासन्‌तास एकसारखा. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा आतून ९३-९५ अंशांवर पोचला की मगच बोटांनी सुटतो, कारण त्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन व्हायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. मधे ६५ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात गाडी अडते. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जितकं तापेल तितकं थंड करत राहतं आणि काटा हलतच नाही. जाड लोखंड या काळात उष्णता धरून ठेवतं. झाकण उघडलं, वारा आला, तरी ताव लवकर सावरतो. पातळ पत्रा उष्णता बाहेर फेकतो. मग भट्टीत जाळ मोठा करावा लागतो. मोठा जाळ आवरायला हवेची झडप आवळली की लाकूड नीट जळत नाही, घुसमटतं, आणि पांढरा दाट धूर सुटतो. त्या धुराने मांस कडूजहर होतं. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा असतो. तो लहान पण मोकळ्या हवेत जळणाऱ्या जाळातूनच मिळतो. माझ्या पिंपात भट्टीजवळच्या टोकाला आणि धुराड्याजवळच्या टोकाला वेगवेगळे थर्मामीटर ठेवून पाहिले, तर ५० अंशांचा फरक. एका बाजूला करपलेलं, दुसऱ्या बाजूला कच्चं.

जाडी ही पैशांची फसवणूक झाली. पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे.

नवा स्मोकर मांस ठेवण्याआधी रिकामाच तेल लावून तापवतात, तसा मी तापवला. भट्टीत निखाऱ्यांखाली जी जाळी दिली होती ती करड्या रंगाची, चकचकीत. निखारे लाल झाल्यावर तिच्या तारांवर पिवळट भुकटी दिसायला लागली आणि सगळं निवल्यावर तीच भुकटी पांढरी झाली. तापल्यावर पिवळा आणि निवल्यावर पांढरा होणारा पदार्थ म्हणजे झिंक ऑक्साइड. जाळी जीआयची होती, जस्ताचा मुलामा दिलेली. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि निखाऱ्यांचा ताव त्याच्या कितीतरी वर असतो. त्याच्या वाफा छातीत गेल्या की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येतं. जीआय पाइप वेल्ड करणाऱ्याला हा ताप चांगला माहीत असतो. म्हणूनच विक्रेत्याला हे ठाऊक नव्हतं, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. धुराड्याचा पाइपही जीआयचाच निघाला, फक्त त्यावर काळा रंग होता.

तो ‘हीटप्रूफ’ रंग भट्टीवर फोड येऊन सोलला आणि ऑइलपेंटचा ओळखीचा वास सगळीकडे पसरला. उष्णता सोसणारे सिलिकॉनचे रंग मिळतात, ते सहाशे अंशांपर्यंत टिकतात, पण ते भट्टीच्या बाहेरूनच मारायचे असतात. आत रंग नकोच. आतून रंगवलेला स्मोकर दिसला की तिथूनच परत फिरा.

डायलचंही सांगतो. काढलेलीच होती, म्हणून तिचा दांडा उकळत्या पाण्यात धरला. समुद्रसपाटीजवळ पाणी १०० अंशांवर उकळतं. काटा ८० च्या पुढे गेला नाही. ही चेष्टेची बाब नाही. मांस ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जास्त वेळ रेंगाळलं की जिवाणू वाढतात, आणि कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत गेल्याची खात्री करावीच लागते. झाकणावरच्या डायलवर, मग ती कुणाचीही असो, मी आता विसंबत नाही. जाळीच्या उंचीवर एक आणि मांसात एक, असे दोन डिजिटल थर्मामीटरचे प्रोब स्मोकरच्या बजेटमध्येच धरा. बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर दाखवतात का, एवढं पाहिलं की झालं.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा विक्रेता चिडला नाही, उलट शांतपणे म्हणाला, “बिलात कुठे लिहिलंय सहा मिमी?” खरंच नव्हतं. बिलावर होतं ‘हेवी ड्यूटी बार्बेक्यू स्मोकर, १ नग’. हेवी ड्यूटी या शब्दांना काही माप नाही, म्हणूनच ते बिलावर येतात आणि मिलिमीटर तोंडावरच राहतात. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, काट्याची पावती होती, व्हर्निअरसकट भोकाचे फोटो होते. हे सगळं एकत्र लावून लेखी मागणी केली आणि ग्राहक तक्रारीचा उल्लेख केला, तेव्हा निम्मे पैसे परत आले. उरलेल्या निम्म्यात ‘माल तुमच्याकडेच राहू द्या’ असा त्याचा उदार प्रस्ताव. जाहिरात अजून चालू आहे, फक्त आता त्यात ६ मिमीऐवजी ‘एक्स्ट्रा हेवी’ असं लिहिलंय.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या : पिंपाच्या धडाची जाडी मिलिमीटरमध्ये, एकूण वजन किलोमध्ये, आणि जाळ्या कोणत्या धातूच्या. खरं विकणारा एका मिनिटात लिहून देतो. स्टेनलेसच्या बाबतीत लोहचुंबकावर फार भिस्त ठेवू नका. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला तो सहसा चिकटत नाही, पण ४३० ग्रेड हेही स्टेनलेसच आणि त्याला चिकटतो. चुंबक चिकटला म्हणजे खोटं, असं नाही, आणि विक्रेते या गोंधळाचा दोन्ही बाजूंनी फायदा घेतात.

नव्या शोधात ऑनलाइन प्रकारही पाहिला. नामांकित पेलेट ग्रिलचे (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या ग्रिलचे) फोटो, ‘गोदाम रिकामं करतोय’ म्हणून अविश्वसनीय किंमत, पैसे थेट खात्यात. तोच फोटो दोन वेगवेगळ्या दुकानांवर होता. एकाने तो आरशातल्यासारखा उलटा करून टाकला होता, इतका की डायलवरचे आकडेही उलटे दिसत होते. फोटो मोठा करून आकडे वाचायची सवय लावून घ्या. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता मुद्दा उरतो, थोड्या पैशात घ्यायचं काय. माझं मत स्पष्ट आहे : ऑफसेट नको. चांगला जाड ऑफसेट स्वस्त मिळूच शकत नाही, कारण लोखंड स्वस्त नाही. ज्या रचनेत पातळ पत्रा चालतो ती घ्या. झाकणवाली गोल केटल बघा. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा कापून ती पहिल्यांदा केली. तिचा पत्रा पातळच, पण निखारे आतच असतात, झाकण नीट बसतं आणि वरखालच्या झडपांनी हवा मुठीत राहते. कोळशाच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, कडेने अर्धवर्तुळात रचायच्या, त्यांवर हिकरी, ओक किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे ठेवायचे आणि फक्त एक टोक पेटवायचं. जाळ हळूहळू पुढे सरकत राहतो आणि ताव कित्येक तास टिकतो. पाण्याची परात असलेला उभा, बुलेट प्रकारचा स्मोकर याच कामाला आणखी सरस, कारण मांस थेट निखाऱ्यांसमोर येत नाही आणि पाणी ताव सावरून धरतं. दोन्ही प्रकार वापरलेले घ्यायलाही हरकत नाही. झाकण वाकडं नाही ना आणि तळ गंजून भोकं पडलेली नाहीत ना, एवढं तपासा.

दोनशे लिटरच्या पिंपाचा स्मोकरही झकास होतो आणि सगळ्यात स्वस्त पडतो, पण तिथेही एक पाणी मुरतं. पुष्कळ पिंपांना आतून इपॉक्सीचा थर दिलेला असतो, लालसर किंवा मातकट रंगाचा. तो पुरता जाळून, खरवडून उघडं लोखंड दिसेपर्यंत काढावा लागतो. विक्रेते ‘फूड ग्रेड’ म्हणून सांगतात आणि आतून काळा रंग फिरवून तो थर झाकतात. पिंपाच्या आत टॉर्च मारा, खिळ्याने एक रेघ ओढा आणि रेघेखाली काय निघतं ते बघा. आधी त्यात काय भरलेलं होतं हे सांगता येत नसेल, तर तसं पिंप फुकट मिळालं तरी घेऊ नका.