शब्बाथ शाळेसाठी कोणतं स्टडी बायबल घ्यावं? दोन वापरून झालेलं माझं मत

आमच्या मंडळीत मी आठ ते बारा वयाच्या मुलांचा शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारच्या बायबल-शाळेचा वर्ग घेते. गेल्या जूनपासून पाठाच्या तयारीसाठी दोन इंग्रजी स्टडी बायबल, म्हणजे वचनांसोबत समजावणाऱ्या टिपा असलेली बायबलं, आलटून पालटून वापरतेय. एक लाइफ अ‍ॅप्लिकेशन स्टडी बायबल, एनआयव्ही या इंग्रजी भाषांतराचं, आणि दुसरं ईएसव्ही या इंग्रजी भाषांतराचं ईएसव्ही स्टडी बायबल. दोन्ही स्वस्त नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत ‘एकच घ्यायचं तर कोणतं?’ हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्गात मुलांच्या हातात मराठी पवित्र शास्त्रच असतं आणि पाठांतराचं वचनही मराठीतच. इंग्रजी माध्यमातली मुलं अडखळत वाचतात, पण वाचतात, आणि ते मला हवंच आहे. स्टडी बायबल राहतं घरी, टेबलावर. मुलांना त्यातून वाचून दाखवायचा विचार असेल तर या दोन्हींतलं एकही घेऊ नका. मुलांसाठी वेगळी बायबलं निघतात, तो विषय निराळा.

मुलं काय विचारतात हे लक्षात घेतलं की निवड निम्मी होते. तारण, कृपा, देवाने केलेली माणसांची निवड यांवर या वयात फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते असं: नोहाचं तारू केवढं होतं? दावीदाशी लढलेला गल्याथ किती उंच? पक्षाघात्याला आत सोडायला छप्पर फोडलं तर घरमालक ओरडला नाही का? शिक्षकाला अशा वेळी ‘विश्वास महत्त्वाचा’ म्हणून पुढे जाता येतं, पण मूल तिथेच थांबलेलं असतं. त्याला उत्तर हवं असतं आणि ते मिळण्याचा त्याला हक्क आहे.

या कामात ईएसव्ही फार मोलाचं ठरलं. ते 2008 साली निघालं. पानं पावणेतीन हजारांच्या आसपास, टिपा वीस हजारांहून जास्त, नकाशे दोनशेच्या वर आणि निवासमंडप, मंदिर यांची रंगीत चित्रं. निर्गमातला निवासमंडप, म्हणजे इस्राएलांचं तंबूचं उपासनास्थान, शब्दांत समजावताना मुलं जांभया देतात. तेच चित्र समोर ठेवून अंगण कुठे, वेदी कुठे, परमपवित्र स्थान कुठे, असं बोट फिरवलं की मागच्या बाकावरचीही पुढे येऊन उभी राहतात. चित्र दाखवण्यापुरतं मी ते वर्गात नेते.

मार्क 2 मधला पक्षाघाती घ्या, ज्याला चार मित्रांनी छप्पर उकरून येशूपुढे खाली सोडलं. त्या काळची तिथली घरं सपाट छपराची: लाकडी तुळया, त्यावर फांद्या, त्यावर दाबून बसवलेली माती, आणि वर जायला बाहेरून जिना. एवढं कळल्यावर मी वर्गात विचारलं, माळवदाचं घर कुणी पाहिलंय? दोघातिघांच्या आजोळी तशी घरं आहेत. मग त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं की वरून माती कशी उकरता येईल, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ती कशी पडेल आणि नंतर पुन्हा लिंपायला किती वेळ लागेल. चार मित्रांनी केवढा खटाटोप केला हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

मत्तय 18 मधल्या क्षमा न करणाऱ्या चाकराचंही तसंच. एक तालांत म्हणजे मजुराची साधारण वीस वर्षांची मजुरी, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची. आकडे फळ्यावर लिहिले आणि हिशेब मुलांना करायला दिला. राजाने चाकराला माफ केलेलं दहा हजार तालांतांचं कर्ज फेडायला दोन लाख वर्षं! आणि त्याच माणसाने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या मजुरीसाठी. सहावीतली एक मुलगी खडू हातात धरून म्हणाली, ‘मिस, त्याला तर जन्मात फेडता आलं नसतं.’ हा दाखला शिकवताना मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

नकाशांचा उपयोग योनाच्या पाठात सगळ्यात जास्त झाला. देवाने त्याला जायला सांगितलं ते निनवे पूर्वेकडे, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ. योना याफोला जाऊन जहाजात बसला ते पश्चिमेकडे जाणाऱ्या. नकाशावर दोन बाण काढले की ‘पळून गेला’ म्हणजे काय ते लहानग्यांनाही दिसतं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला यरुशलेम ते यरीहो रस्ताही असाच दाखवते: पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत जवळजवळ हजार मीटर उतार, ओसाड डोंगर, लुटारूंना लपायला हवी तेवढी जागा.

आता लाइफ अ‍ॅप्लिकेशन. त्याचा भर नावाप्रमाणे आचरणावर आहे आणि सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे व्यक्तिचित्रं. अब्राहाम, मोशे, गिदोन, शमशोन, दावीद अशा अनेकांचं एकेक पान. त्यात बलस्थानं वेगळी, चुका वेगळ्या. ही मांडणी मी जशीच्या तशी फळ्यावर उचलली. मध्ये रेघ, दोन रकाने, आणि मुलांनी पाठ वाचून ते भरायचे. शमशोनाच्या चुकांचा रकाना भराभर भरला, पण देवाने त्यालाही वापरलं यावर मुलं बराच वेळ बोलत राहिली. देवाची माणसं चुकत होती हे लहानपणी कळलेलं फार बरं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र यातल्या बहुतेक टिपा मोठ्यांच्या जगातल्या आहेत: नोकरी, संसार, पैसा, पुढारीपण. नऊ वर्षांच्या मुलाला त्या तशाच सांगता येत नाहीत. शिवाय तयार धडा हाताशी असला की शिक्षक गोष्ट घाईने उरकतो आणि उपदेशावर येतो. शनिवारी रात्री दमलेल्या शिक्षकाला हा मोह फार होतो. म्हणून मी आधी मराठी पाठ दोनदा वाचते, मुलं कुठे अडतील ते प्रश्न वहीत लिहिते आणि मगच टिपा उघडते. टिपांनी माझ्या प्रश्नांना उत्तर द्यावं. पाठाचा रोख त्यांनी ठरवू नये.

टिपा लिहिणाऱ्यांचीही मतं असतात. ईएसव्हीचे प्रमुख संपादक वेन ग्रुडेम, ईश्वरविज्ञानाचे संपादक जे. आय. पॅकर, रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) विचारांचा ठसा जागोजागी जाणवतो. बाप्तिस्मा, मंडळीतली स्त्रियांची सेवा, प्रकटीकरण अशा जागी टीप वाचून थेट वर्गात बोलू नका. आपल्या मंडळीची शिकवण काय ते आधी पाळकांना विचारा. हीच गोष्ट कोणत्याही स्टडी बायबलला लागू आहे, मराठीत टिपांसह मिळणाऱ्यालाही.

आकाराबद्दल थोडं. ईएसव्ही खूप जड आहे, बसमधून न्यायची वस्तू नव्हे. दोन्हींचा कागद पातळ असल्याने हायलायटर मागच्या पानावर उमटतो; मऊ पेन्सिल वापरा. टिपांचा टाइप बारीक आहे, तेव्हा चष्मा असणाऱ्यांनी दुकानात पान उघडून वाचून बघावं. ऑनलाइन मागवायचं तर पुठ्ठाबांधणीचं मागवा. माझी एक प्रत कोपरे दुमडून आली होती आणि ती बदलून घेण्यात बराच वेळ गेला.

एकच घ्यायचं झालं तर मी ईएसव्ही सांगेन, कारण आचरणाचं आपण मंडळीतली मोठी माणसं मिळून सांगू शकतो, पण यरीहोच्या रस्त्याचा उतार आपल्याला बसल्या जागी ठाऊक नसतो. पाचवीच्या खालचा वर्ग असेल आणि तुमचा भर व्यक्तींच्या गोष्टींवर असेल, तर मात्र लाइफ अ‍ॅप्लिकेशन जास्त हाताशी येईल. बजेट कमी असेल तर मंडळीच्या खर्चाने एकच प्रत घेऊन ती वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत ठेवा. ज्या शिक्षकांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासोबत शनिवारी एकाने बसून त्या पाठाच्या टिपा मराठीत सांगाव्यात. आम्ही सध्या असंच करतो, अर्ध्या तासात होतं.