इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक: आठवणीच्या दोन रीती

दिल्लीत ही दोन्ही स्मारकं शेजारीशेजारी आहेत, पण त्यांची घडण एकमेकांच्या अगदी उलट.

इंडिया गेट ४२ मीटर उंच. ब्रिटिश वास्तुकार लट्यन्सने आखलेली ही कमान १९३१ मध्ये खुली झाली. पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध यांत ब्रिटिशांसाठी लढलेल्या सैनिकांचं हे स्मारक. तेरा हजारांहून अधिक नावं दगडात कोरलेली आहेत, पण बरीचशी इतकी वर की खालून वाचता येत नाहीत. नजरेत भरते ती कमानच.

२०१९ चं राष्ट्रीय युद्ध स्मारक जमिनीलगत पसरलेलं आहे, चार वर्तुळांचं. त्यातल्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक शहिदाचं नाव ग्रॅनाइटवर आहे, डोळ्यांसमोर, बोटाने स्पर्श करता येईल असं. घरच्या माणसांना हेच हवं असतं. म्हणून माझा कौल या स्मारकाला.

१९७२ पासून इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योत २०२२ मध्ये युद्ध स्मारकातल्या नव्या ज्योतीत विलीन केली, तेव्हा मोठा वाद झाला. साम्राज्यासाठी मेलेल्यांपुढे ती का असावी, हा एक युक्तिवाद होता. तो मला पटत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ मध्ये, इराकमधल्या कुत गावाच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या, उपाशी राहिल्या. युद्ध कुणाचं, हे त्या जवानांनी ठरवलं नव्हतं. ज्योत जुन्या जागीही तेवत ठेवायला हवी होती.